अंथरूण पाहून पाय पसरावे. पण अंथरूण कसे असावे?

(तृतीय वर्ष, कला)

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दहा वेळा लिहिली आहे. परंतु त्या अंथरुणाकडे खरोखर निरखून पाहिलेला विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. मीही पाहिले नव्हते. डोंगरात एका रात्री ते पाहण्याची पाळी आली. त्या रात्रीची आणि त्यानंतर शिवलेल्या एका खोळीची ही हकिगत आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता आणि प्रवासवर्णने पुष्कळ येतात. शिवणकामावरचा लेख, तोही एका मुलाने लिहिलेला, वाचक गोड मानून घेतील अशी आशा आहे.

मी सूसचा. पाषाणकडून खिंड ओलांडली की आमचे गाव लागते. ३० जून २०२१ रोजी ते पुणे महानगरपालिकेत गेले, तरी सातबाऱ्यावर तालुका अजून मुळशीच आहे. आमच्या घराच्या गच्चीवरून पूर्वी भाताची खाचरे दिसत, आता इमारतींचे गिलावे दिसतात. पण घरात आजी आहे, आणि आजीच्या पेटीत गोधड्या आहेत. आमच्याकडे जुनी लुगडी टाकून देण्याची पद्धत नाही. ती पेटीत जातात आणि काही वर्षांनी गोधडी होऊन बाहेर येतात.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही पाच मित्र तैलबैल्याला निघालो. तैलबैला म्हणजे आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्याजवळ, आकाशात उभ्या राहिलेल्या दोन कातळभिंती. दुकानातल्या स्लीपिंग बॅगची किंमत ऐकून मी गुपचूप घरी परतलो होतो. म्हणून आजीची एक हलकी गोधडी वळकटी करून पाठीवरच्या सॅकला बांधली. खाली अंथरायला एक चादर घेतली. इतरांचेही असेच होते. कोणाकडे ब्लँकेट, कोणाकडे शाल, तर एकाकडे दुलई. पांघरुणाचा विचार सर्वांनी केला होता. अंथरुणाचा विचार कोणीच केला नव्हता.

रात्री पायथ्याच्या गावात एका देवळाच्या मंडपात आम्ही पथारी पसरली. खाली गुळगुळीत फरशी होती. नऊ वाजेपर्यंत गप्पा झाल्या, दहाला सगळे गप्प झाले, आणि बाराच्या सुमारास सगळेच जागे होते! वरून कितीही घट्ट पांघरले तरी पाठीतून गारवा चढतच होता. आमच्यातला एक मित्र अंगाने अगदी किरकोळ आहे. त्याचे दात वाजू लागले. आम्ही घाबरून आपापली पांघरुणे त्याच्या अंगावर टाकली. दुलई, शाल, माझी गोधडी, सगळे झाले. तरी त्याची थरथर थांबेना. माणसावर चार पांघरुणे आहेत आणि तो कुडकुडतो आहे, हे पाहून आम्हाला वाटले की हा आजारीच पडला.

शेजारच्या घरातले एक वयस्कर बाबा आवाजाने उठून आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग फरशीला हात लावला, आणि एक शब्द न बोलता परत गेले. येताना दोन्ही काखांत भाताचा पेंढा घेऊन आले. पेंढा फरशीवर वीतभर जाडीचा पसरला, त्यावर आमचीच एक चादर टाकली आणि मित्राला त्यावर निजवले. वर पांघरूण एकच ठेवले. गरम चहा पाजला. अर्ध्या तासात तो शांत झोपला. बाबा म्हणाले, "पोरांनो, वरनं झाकून काय व्हतंय? थंडी खालनं येती."

येथे थोडे थांबून एक गंभीर गोष्ट सांगतो. थंडीने थरथरणारा माणूस स्वतःला तापवीत असतो. थरथर थांबली, पण बोलणे अडखळू लागले, हात वेडेवाकडे पडू लागले, तो गुंगीत जाऊ लागला, तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी ओले कपडे काढावेत, खालून-वरून कोरडी ऊब द्यावी आणि डॉक्टर गाठावा. आमच्या मित्राची वेळ तिथवर आली नाही, हे त्या पेंढ्याचे उपकार.

घरी येऊन आजीला सगळे सांगितले. मला वाटले, ती हळहळेल. ती म्हणाली, "आरं, आंथरूण न्हाय तर पांघरूण काय करंल? वरनं धा गोधड्या घातल्यास तरी खालनं भुई वडती न्हवं!" भुई ओढते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच उष्णतेचे वहन म्हटले होते.

ही ओढ नेमकी कशी चालते ते पाहू. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थराथरांत अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच कोरडी गोधडी उबदार आणि ओली गोधडी निरुपयोगी. आता हीच गोधडी अंगाखाली घातली की काय होते? आपल्या वजनाने तिचे थर दबतात, हवा निघून जाते आणि उरते फक्त कापड. पिसांची किंवा कृत्रिम धाग्यांची महागडी स्लीपिंग बॅग घेतली तरी तिचा पाठीखालचा भाग असाच चेपला जातो. तो भाग आपण पाठीवर वाहून नेतो खरा, पण तो ऊब फारशी देत नाही.

मला येथे आपल्या भाषेचे कौतुक वाटते. आपण 'अंथरूण-पांघरूण' हा जोडशब्द सहज वापरतो, पण त्यात दोन कामांची चोख वाटणी आहे. पांघरुणाने फुगून राहावे आणि हवा धरावी. अंथरुणाने वजनाखाली न दबता जमिनीला दूर ठेवावे. स्लीपिंग बॅगने ही दोन्ही कामे एका पिशवीत शिवून टाकली. त्यातून वारा आत येत नाही हा मोठा फायदा, पण पाठीखालचे ओझे फुकटचे.

हे परदेशातल्या लोकांनाही उमगले आहे. अमेरिकेतील रे जार्डिन या गिर्यारोहकाने १९९० च्या दशकात लांब पल्ल्याच्या पदयात्रांवर लिहिताना बॅग सोडून खालून उघडे असलेले पांघरूण घ्यावे, आणि ते घरीच शिवावे, असा आग्रह धरला. आज तिकडे अशी पांघरुणे दुकानांतही मिळतात. त्याच्याही आधी, १९५५ साली, एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई ॲपलाशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकट्याने चालून गेल्या. एकाच मोसमात ती वाट एकटीने पुरी करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्याजवळ घरी शिवलेली एक झोळी, एक ब्लँकेट, रेनकोट आणि न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा असे मोजकेच सामान होते. मी ही गोष्ट आजीला सांगितली. आजीने फक्त विचारले, "तिची सून काय म्हणली?"

असो. आजीच्या एका वाक्याने मला पेंढ्याच्या शोधात पाठविले. पेंढा सॅकमध्ये मावत नाही. त्याच्या जागी आजकाल कॅरीमॅट असते. ही फोमची गुंडाळी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यातला प्रत्येक हवेचा बुडबुडा स्वतंत्रपणे बंद असतो. त्यामुळे ती अंगाखाली फारशी दबत नाही आणि पाणीही पीत नाही. गादीतला स्पंज मात्र उघड्या छिद्रांचा असतो. तो दबतो आणि पाणी पितो, म्हणून स्वस्त पडला तरी डोंगरात नेऊ नये. चटईची उष्णता अडविण्याची ताकद 'आर' या आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा तितकी जमीन दूर. अमेरिकेत २०१८ साली या मोजणीची एक समान पद्धत ठरली. तोवर ज्याचा त्याचा आकडा वेगळा असे. आपल्याकडच्या साध्या हिवाळ्याला एक सेंटिमीटर जाडीची फोमची मॅट पुरते, असा माझा अनुभव आहे. मी १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशी एक घेतली.

पहिल्या रात्री आमच्याच गच्चीवर निजून पाहिले. पाठ गार पडली नाही. पण झोपही लागली नाही! स्लीपिंग बॅगेत आपल्या अंगाखाली बॅगेचेच कापड असते. गोधडी मात्र फक्त वर असते, म्हणून उघडे हात, मान, पोटऱ्या थेट फोमला लागतात. फोम घाम शोषत नाही, तो जिथल्या तिथे चिकटून राहतो. कूस बदलली की कातडी चर्रकन ओढली जाते, आणि ज्या जागेवरून हललो ती जागा ओलसर, गार लागते. वर चादर पसरून पाहिली. मध्यरात्री ती पायाशी गोळा झाली होती. फुगवायच्या गाद्यांचा त्रास याहून अधिक, कारण त्यातल्या काही हलताच कुरकुरतात आणि त्यांच्या गुळगुळीत पाठीवरून माणूस घसरतो.

तेव्हा ध्यानात आले की त्या बाबांनी पेंढ्यावर चादर उगीच टाकली नव्हती. जमीन दूर ठेवणे हे पेंढ्याचे काम, आणि अंगाला सोसवणे हे कापडाचे. गादीला खोळ आणि उशीला अभ्रा आपण याचसाठी घालतो. खोळ ऊब वाढवीत नाही, हे स्पष्ट सांगतो. एवढ्या पातळ कापडाने 'आर'चा आकडा हलत नाही. पण ती घाम टिपते, पहिल्या स्पर्शाचा गारठा घालवते, आणि आपल्या अंगाचे तेल व माती मॅटला लागू देत नाही. ऊब असूनही झोप न येणे आणि झोप येणे, यांत एवढ्याच कापडाचे अंतर असते.

पहिली खोळ मी उशीच्या अभ्र्यासारखी शिवली, म्हणजे वरून-खालून दोन्हीकडे कापड. आजीने तिचे एक सुती लुगडे दिले. मी ते लांबीत दुमडून खोळ करायला गेलो, तर पन्हा भरला ११४ सेंटिमीटर. निम्मा केला की ५७, आणि मॅट ६० ची! शेवटी दोन वेगळे तुकडे काढून जोडले. आजी शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "आधी मापावं, मग कापावं." पण ते कापून झाल्यावर म्हणाली.

या खोळीवर दोन रात्री छान झोप लागली. तिसऱ्या रात्री दव पडले. गच्चीची फरशी ओलावली होती. खोळीच्या खालच्या कापडाने ते पाणी टिपले आणि कडेने वरपर्यंत चढविले. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. पहाटे माझी पाठ ओली होती. शिवाय कापड फरशीवरून घसरत होते, फोम घसरला नसता. म्हणजे मी खोळीत दोन चुका शिवल्या होत्या. मॅटच्या तळाला जमिनीवर पकड असते आणि तो पाणी पीत नाही. हे त्याचे दोन्ही गुण मी कापडात झाकून टाकले होते.

दुसरी खोळ वरच्या अंगालाच घातली. तिची कृती देतो, कारण कोणाला करावीशी वाटली तर माझ्या चुका पुन्हा करण्याचे कारण नाही.

मॅटची रुंदी ६०, त्यात दोन्ही कडांच्या जाडीचे १-१ सेंटिमीटर, खाली वळवायला दोन्हीकडे १०-१० आणि नेफ्यासाठी २-२ मिळवावेत. बेरीज ८६. लांबीला याच हिशेबाने २०६. एवढा एक तुकडा लुगड्याच्या पन्ह्यातून निघतो आणि कडेला २८ सेंटिमीटरची पट्टी उरते; ती जपून ठेवावी. तुकड्याचे चारही कोपरे वाटी ठेवून गोल आखावेत, म्हणजे नेफा वळविताना गोळा होत नाही. चारी बाजूंनी २ सेंटिमीटरचा नेफा घालावा, पायाकडे ओवण्यापुरती जागा सोडावी आणि त्यातून नाडी ओवावी. कापड मॅटवर पसरून नाडी ओढली की कडा मॅटखाली वळतात आणि वरचे कापड ताठ बसते. मॅटचा मधला तळ उघडाच राहतो, तोच जमिनीला धरतो. खांद्यांखाली आणि गुडघ्यांखाली तळातून एकेक आडवी पट्टी टाकावी, म्हणजे कूस बदलताना खोळ फिरत नाही.

उरलेल्या पट्टीतून तीन कामे होतात. पहिले, वर सांगितलेल्या आडव्या पट्ट्या. दुसरे, डोक्याकडे वरून शिवलेला एक खिसा. त्यात रात्री जादा कपडे भरले की उशी होते, आणि ती पहाटे देवळाच्या दुसऱ्या टोकाला सापडत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंद. खालून उघडे पांघरूण घेणाऱ्याचा खरा शत्रू वारा. कुशीवर वळले की गोधडी उचलली जाते आणि गार हवा पाठीत शिरते. म्हणून खोळीच्या दोन्ही कडांना, खांद्याजवळ आणि कमरेजवळ, एकेक फासा ठेवावा. गोधडीला त्याच ठिकाणी बंद लावावेत, पण अगदी काठाला नव्हे, काठापासून वीतभर आत. असे केले की बाहेर राहिलेला काठ आपोआप अंगाखाली वळतो आणि फट उरत नाही. गोधडीचे पायाकडचे टोक दुमडून नाडीने बांधले की पावलांची पिशवी होते.

कापड कोणते घ्यावे? पुष्कळ धुतलेले सुती उत्तम. ते नव्यापेक्षा मऊ असते. नवे घेतले तर आधी धुऊन खळ काढून टाकावी. दवाच्या दिवसांत टेरीकॉट बरे, कारण ते लवकर वाळते. गुळगुळीत नायलॉन टाळावे. माझी खोळ किराणा दुकानाच्या काट्यावर २०० ग्रॅमच्या आसपास भरली; खर्च फक्त नाडीचा. शिवण हाताचीच आहे. दोन टाके पुढे, एक मागे, म्हणजे दोरा एके ठिकाणी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. आणि एक मर्यादाही सांगून ठेवतो. गोधडी आणि सुती खोळ ही कोरड्या ऋतूची जोडी आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत ती नेऊ नये. भिजली की ती वाळत नाही आणि वजन मात्र दुपटीने वाढवते.

वाचकहो, यात नवे असे काही नाही, हे मला ठाऊक आहे. धनगर घोंगडी घेऊन रानात निजतो, वारकरी आधी ताडपत्री अंथरतो आणि त्यावर सतरंजी. खालून ओल अडवायला एक, अंगाला सोसायला एक. आम्ही पुण्याच्या कडेची मुले मात्र पांघरुणाच्या किमती विचारीत फिरलो, आणि ज्ञान दोन काखांत पेंढा घेऊन आले.

खोळीची पहिली बाजू आजीने शिवायला घेतली होती. चार बोटे शिवून तिने सुई माझ्या हातात दिली. म्हणाली, "दोरा दिसंना रं." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि आमच्यापैकी कोणालाच त्याची कल्पना नव्हती. पेटीत चार लुगडी नीट घडी करून पडली होती आणि दोन वर्षांत त्यांची गोधडी का झाली नाही, हे आम्ही कोणी विचारले नव्हते. तिच्या गोधड्या रोज अंगावर घेत होतो, पण त्या कोण शिवते आणि कशी शिवते, याकडे आमचे लक्ष नव्हते. गेल्या दिवाळीनंतर तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याची व्हायची आहे.

यंदा जानेवारीत आम्ही पाचही जण पुन्हा तैलबैल्याला गेलो, त्याच मंडपात निजलो. पाच मॅटी आणि पाच खोळी होत्या. चार मित्रांनी आमच्या ओसरीवर बसून आपापल्या शिवल्या. आजी काठीने टाके दाखवून चुका काढत होती. बाबांनी रात्री येऊन फरशीला हात लावला, मग मॅटला लावला, खोळीचे कापड चिमटीत धरून पाहिले आणि विचारले, "लुगडं कुणाचं?"

मी म्हणालो, "आजीचं."

"मग पेंढा नको," असे म्हणून ते घरी गेले.

माझ्या खोळीवर चार बोटांचे टाके बारीक आणि सरळ आहेत, पुढचे सगळे माझे, मोठे आणि वाकडे. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की ते उसवून पुन्हा घालीन, असे आजी म्हणते. मी अजून हो म्हटलेले नाही. पेटीतल्या चार लुगड्यांची गोधडी मात्र आम्ही दोघांनी सुरू केली आहे.